अडचणीतली नक्षी

माझ्याकडे बायका जुन्या साड्या घेऊन येतात आणि मी त्यांच्या गोधड्या शिवून देते. उरलेल्या तुकड्यांतून उशांचे अभ्रे, तोरणं, दिवाळीच्या तोंडावर कंदील, असं काही ना काही चालू असतं. पुण्यात सिंहगड रस्त्याला दोन खोल्यांचं घर. पुढची खोली दिवसा माझा कारखाना आणि रात्री बैठक. आलेली बाई आधी गोधडी बघते, मग नजर भिंतींवरून फिरवते आणि हमखास विचारते, "ताई, तुम्हाला हे सुचतं कुठून हो?"

तिला वाटतं, मोबाइलवर काहीतरी बघून करत असणार. बघते की. रात्री जेवणं झाली की सगळेच बघतात. पण तिथून उचललेलं माझ्या घरात फारसं टिकलेलं नाही. जे टिकलं ते बहुतेक कुठल्यातरी अडचणीतून आलं: जागा नव्हती, कापड अपुरं होतं, पत्रा मऊ होता, थर्माकोल मिळेना. इतक्या वर्षांत हाताखालून जे काम गेलं त्यातून उमगलेलं लिहून काढते आहे. क्रमाला तसा काही अर्थ नाही.

१. आधी टेप, मग कल्पना

घर सजवायचं म्हटलं की लोक थेट दुकान गाठतात. त्याआधी टेप काढावी. दार पूर्ण उघडल्यावर त्याच्यामागे किती इंच उरतात, खिडकीचा कट्टा किती रुंद, पंखा लावल्यावर कुठलं कापड फडफडतं, दुपारचं ऊन कुठवर आत येतं, एवढं कागदावर आलं की निम्मं काम झालं. आमच्या पुढच्या खोलीत दाराआड नऊ इंच जागा होती. नऊ इंचांत कपाट बसत नाही, स्टूलही बसत नाही. बुरूड आळीतून बांबूची एक शिडी करून आणली आणि भिंतीला टेकवली. तयार गोधड्या तिच्या पायऱ्यांवर घडी करून टांगलेल्या असतात. बघणारीला ती सजावट वाटते. माझं ते गोदाम आहे.

मापं घेताना घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसालाही मोजावं. आमच्याकडे तो मान सासूबाईंचा. त्यांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर फळी ठोकली. त्यामुळे वरची भिंत मोकळी राहिली आणि बसक्या छताची खोली आपोआप उंच दिसायला लागली. त्याचं श्रेय त्या अजून घेतात.

२. टाका कामासाठी असतो, नक्षी त्याच्या मागून येते

गोधडी मला सासूबाईंनी शिकवली. त्या साताऱ्याकडच्या. तिकडे लुगडं विरलं की त्याचा पहिला हक्क गोधडीचा. वर आणि खाली धड राहिलेली लुगडी, मध्ये जुनं धोतर, चादरी, परकर, जे असेल ते. सगळं जमिनीवर अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे जड हाताला येईल ते ठेवायचं आणि धावदोऱ्याने कडेपासून आत शिवत जायचं. कड आधी बंद झाली की आतले तुकडे निसटत नाहीत. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा, मग तिसरा. एका हाताने कापड चेपत राहायचं, दुसऱ्याने सुई चालवायची. त्यासाठी ना चौकट लागते ना टेबल; बाई स्वतःच गोधडीवर बसते आणि तिच्याबरोबर सरकत जाते.

आता तयार गोधडी उजेडात तिरकी धरून बघा. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट, थेट मध्यापर्यंत. प्रत्येक दोन टाक्यांमध्ये कापड किंचित फुगतं, आणि सबंध अंगभर बारीक लाटा उठतात. ही नक्षी कुणी काढलेली नाही. थर एकमेकांना धरून ठेवणं एवढंच त्या टाक्याचं काम होतं. ठिगळांचंही तसंच. जिथे कापड विरलं तिथे तुकडा बसला, आणि तो तुकडा हाताशी असलेल्या रंगाचा होता.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, नदीच्या वळणात अडकलेली. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतावरच्या कामाच्या कपड्यांतून, गुडघ्यावर विटलेल्या डेनिमच्या विजारींतून पांघरुणं शिवत. ऊब मिळावी एवढाच हेतू. २००२ साली ती पांघरुणं ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागली, तेव्हा जाणत्यांना त्यांच्यात आधुनिक चित्रकला दिसली. २००६ मध्ये अमेरिकी टपालखात्याने त्यांची तिकिटंही काढली. उत्तर जपानातल्या शेतकऱ्यांचे ठिगळावर ठिगळ चढवलेले निळे कपडे आज 'बोरो' या नावाने संग्रहालयांत जातात. तिकडच्या थंडीत कापूस पिकत नसे, म्हणून सुती चिंधीसुद्धा टाकवत नसे. या दोन्ही ठिकाणच्या कामाचे फोटो मी सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "टाका जरा लांब घातलाय."

ज्यांना घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. नवं सुती कापड जुन्याबरोबर घालायचं असेल तर आधी दोनदा धुऊन घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि गोधडीला चुण्या पडतात. आणि जरीचा काठ कितीही देखणा असला तरी तो पायाकडे जाऊ द्या; गालाला जर टोचते. घडीवर विरलेली पैठणी घेऊन येणाऱ्या बायका हे ऐकून हळहळतात, पण झोपायचं तर त्यांनाच असतं.

३. अंग, काठ, पदर

भिंतीचा रंग ठरवताना घराघरांत जी भांडणं होतात ती मी पाहिलेली आहेत. रंगवाल्याचं शेडकार्ड पंख्यासारखं उलगडलं की माणूस गोंधळलाच. नखाएवढ्या चौकोनावरून दहा फूट भिंत डोळ्यांपुढे आणायची, हे कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा कपाट उघडावं आणि आपल्याला सगळ्यात आवडणारी काठापदराची साडी पलंगावर पसरावी.

तिच्यात रंगांचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं. अंगाचा रंग सगळ्यात जास्त आणि बहुधा सगळ्यात शांत. काठ त्याच्या विरोधातला, पण बोटांनी मोजता येईल एवढाच. पदर भरगच्च, पण एकाच टोकाला. जरीचं काम तर त्याहून थोडं. खोलीही तशीच लावावी: भिंती म्हणजे अंग, पडदे आणि दारं-खिडक्यांच्या कडा म्हणजे काठ, आणि पदर एकाच ठिकाणी, सोफ्यावर म्हणा किंवा देवघरापाशी. चारही भिंतींना पदर नेसवला की डोकं दुखतं. हल्ली एक भिंत भडक करायची पद्धत आहे. तिला माझी हरकत नाही, पण मग बाकीच्या खोलीने मान खाली घालून बसावं.

आमच्या पुढच्या खोलीचा रंग सासूबाईंच्या एका इरकलीवरून घेतला: अंग मोतिया, काठ आमसुली. साडीचा निऱ्यांतला तुकडा घेऊन दुकानात गेले. तिथे यंत्रावर रंग जुळवून देतात. तरी लगेच डबे आणायचे नाहीत. लहान डबी आणून भिंतीवर हातभर पट्टा ओढावा, तो पूर्ण वाळू द्यावा, कारण वाळल्यावर रंग बहुधा गडद होतो, आणि मग सकाळच्या उजेडात, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली बघावा. पिवळट दिव्याखाली आमसुली तपकिरीकडे झुकतो. ते आधी कळलेलं बरं.

रंगांच्या जोड्या हव्या असतील तर मंडईत जावं. आमची महात्मा फुले मंडई १८८६ सालची. तिच्या दगडी कमानींखाली भाजीवाल्या ढीग रचतात तो नुसता सोयीने रचत नाहीत. वांग्यांशेजारी लिंबं, गाजरांशेजारी कोथिंबीर. गिऱ्हाइकाची नजर लांबून खेचायची असते, म्हणून शेजार असा लावायचा की दोन्ही उठून दिसतील. जांभळ्यावर लिंबाचा पिवळा इतका खुलतो हे मी तिथेच पाहिलं आणि एका गोधडीची कड तशी केली.

४. जे मांडलं ते पुसावं लागतं

पितळी समया, हंडे, घंगाळं ओळीने मांडलेली खोली फोटोत फार छान दिसते. ती भांडी चिंच आणि मिठाने घासणाऱ्या हाताचा फोटो कुणी काढत नाही. वस्तू विकत घ्यायच्या आधी ती कोण पुसणार, हे ठरवावं. आमच्याकडे या एका प्रश्नाने बरेच पैसे वाचले आहेत.

५. तांबट आळीतला आवाज ऐकून यावा

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तांब्याचं काम करणारी घरं तिथे. पाणी तापवायचे बंब, घंगाळं, हंडे, तपेली इथून पुणेभर जात. गिझर आला आणि बंबाचे दिवस संपले. आता त्याच हातांतून दिव्यांच्या शेड, पाण्याचे जग, वाडगे निघतात. आळीत शिरलं की ठोक्यांचा आवाज येतो, आणि तो एका लयीत असतो.

तांब्याच्या भांड्यावर जी चकाकती टिकल्यांची रांग दिसते तिला मठार म्हणतात. मी बरीच वर्षं तिला केवळ शोभेची समजत होते. एकदा एका कारागिरापाशी बसून नीट पाहिलं. तांबं तापवलं की मऊ पडतं. मऊ असतं म्हणून तर त्याला वळण देता येतं. पण भांडं तसंच मऊ सोडलं तर हाताच्या दाबाने चेपेल. म्हणून आकार झाल्यावर ते लोखंडी खुंटीवर चढवून हातोडीने अंगभर ठोकायचं. प्रत्येक ठोक्याने धातू घट्ट होतो. ठोका चुकला तर तिथे भांडं कच्चं राहणार, म्हणून एकाशेजारी एक, एकही जागा न सोडता, रांगा फिरत जातात. कारागीर डोळ्यांपेक्षा कानाने काम करतो. पत्रा घट्ट झाला की आवाज बदलतो. सगळं झाल्यावर भांडं आंबटात धुतात आणि त्या टिकल्या लख्ख होतात.

म्हणजे इथेही गोधडीचीच तऱ्हा. मजबुतीसाठी केलेलं काम उघडं ठेवलं, घासून लपवलं नाही, आणि त्याचीच शोभा झाली. तेव्हापासून माझ्या शिवणात मी दोरा कापडाच्या रंगाचा घेणं सोडलं. टाका घालायचाच आहे तर दिसू दे. लाल कापडावर पांढरा, काळ्यावर हळदी. दुरुस्तीचंही तसंच. सोफ्याच्या हातावरचं कापड फाटलं तिथे खणाचा तुकडा लावला, आणि टाके असे मोठे घातले की पाहुण्यांनी विचारावंच.

खणाबद्दल जाता जाता. गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीसाठी विणलेला, म्हणून त्याचा पन्हा अरुंद आणि बुट्टी बारीक. पडद्याला तो घेऊ नये. दोन पन्हे जोडावे लागतात आणि शिवण मधोमध येते. अभ्रा, तोरण, वहीचं वेष्टन, दिव्याची लहान शेड, या मापाच्या कामांत मात्र त्याच्यासारखं कापड नाही.

६. संग्रहालयात स्वयंपाकघराच्या दालनापासून सुरुवात करावी

पुण्यात राहून राजा दिनकर केळकर संग्रहालय न पाहिलेली माणसं पुष्कळ. पाहुणे आले की दाखवायला नेतात आणि मस्तानी महालापाशी फोटो काढून परततात. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला, वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा. आणि जमवलं काय? दिवे, अडकित्ते, कुलपं, विळ्या, पाय घासायच्या वज्र्या. ज्यांची किंमत घरच्यांनाही नव्हती अशा वस्तू.

तिथले अडकित्ते मी वही घेऊन काढत बसते. अडकित्त्याला दोन दांड्या आणि एक खीळ, याच्यापलीकडे काही नाही. पण दोन दांड्या म्हटल्यावर कुणाला त्यात जोडपं दिसलं, कुणाला घोडा, कुणाला पोपट. खीळ जिथे आहे तिथेच राहिली, पातं जिथे हवं तिथेच राहिलं. उरलेल्या जागेत कारागीर खेळला. वज्रीचं तेच. खालचा भाग खरबरीत हवा, कारण टाच घासायची आहे. वरचा भाग ओल्या हातात नीट बसायला हवा, म्हणून तिथे पक्षी किंवा प्राणी आला, आणि त्याची पाठ मुठीत मावते. शोभेला किती जागा मोकळी आहे हे आधी वस्तूचं काम ठरवतं.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे हिंडलं. त्यांनी लिहिलेल्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. त्यात पाणी किती मावतं, ओतताना धार कशी पडते, भरलेला आणि रिकामा तोल कसा राहतो, हातात कसा बसतो, घासायला सोपा आहे का, वाजवला तर नाद कसा येतो, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले आणि म्हटलं की हे एका माणसाचं काम नसून पिढ्यांचं आहे. आपण मात्र पितळी तांब्या माळ्यावर टाकून प्लास्टिकचा जग आणला. माझ्या घरात काहीही नवं घेताना मी आता तीच प्रश्नावली चालवते. नवरा म्हणतो, मुलीच्या स्थळालासुद्धा आपण एवढं विचारणार नाही.

७. ठिपके मांडल्याशिवाय रेघ ओढू नये

भिंतीवर तसबिरी लावायच्या म्हटलं की आपल्याकडे खिळ्यापासून सुरुवात होते. खिळा ठोकला, तसबीर वाकडी, दुसरा खिळा, पोपडा. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई असं कधी करत नाही. ती आधी गेरूने जमीन करते, ठिपक्यांची जाळी मांडते, मागे सरकून बघते आणि मगच चिमटीतून रेघ सोडते. सबंध रांगोळी ठिपक्यांतच ठरलेली असते.

तसबिरी आधी फरशीवर मांडाव्यात. वर्तमानपत्राचे त्याच मापाचे कागद कापून भिंतीला चिकटपट्टीने लावावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. येता-जाता डोळा स्वतःच सांगतो की डावीकडचा वर हवा. चैत्रांगणात शंख, चक्र, गोपद्मं, कासव, नाग, पाळण्यातली गौर, फणी-करंडा इतकी चिन्हं एका चौकोनात नांदतात आणि तरी गर्दी वाटत नाही. कारण प्रत्येकाभोवती सोडलेली जमीन सारखी असते. चित्रांमध्येही अंतर सारखं ठेवा, मग चौकटी वेगवेगळ्या असल्या तरी खपतात.

८. बंदी आली की डोकं चालायला लागतं

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, तेव्हा गणपतीच्या तोंडावर आमच्या सोसायटीत शोककळा पसरली होती. थर्माकोलचे खांब, थर्माकोलचे महाल, चमकी शिंपडलेली थर्माकोलची कमळं, हे सगळं आता कशाचं करायचं? ज्यांना विचार करायचा कंटाळा होता त्यांनी तयार पुठ्ठ्याचं मखर आणलं. पण काहींनी काय काय केलं! एकाने धान्याची सुपं उभी लावून मागची प्रभावळ केली. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी बांगड्या ओवून पडदा केला. मी सोलापुरी चादरी घडी करून त्यांच्या पायऱ्या रचल्या. उत्सव झाल्यावर त्या परत पलंगावर गेल्या. थर्माकोलचं सगळ्यात वाईट हेच की ते कुठलाही आकार घेतं. ज्या वस्तूला स्वतःचं म्हणणं नाही तिच्यातून काही सुचतही नाही.

माझी मावशी गोव्याला, फोंड्याजवळ दिलेली. तिच्याकडे चवथीला गेले की मखराकडे माझं लक्ष जायच्या आधी वर जातं, माटोळीकडे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली, आणि तिला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, आंब्याचे टाळ, तोरिंजन आणि रानातून आणलेली कितीतरी फळं, फुलं, पानं. त्यात कवंडळही असतं, केशरी-लालसर, दिसायला झकास आणि खायला अजिबात नाही. माझी मावसबहीण आणि तिचे दीर चतुर्थीच्या आधी रानात जातात. कुठल्या उतारावर कुठला वेल, तो केव्हा फळतो, हे दिरांना वडिलांकडून कळलेलं. माटोळी बांधताना जडाचं चौकटीच्या सांध्यापाशी, हलकं मध्ये, लोंबतं कडेला, हे ठरलेलं. नाहीतर चौकट झुकते. गोव्यात आता माटोळीच्या स्पर्धाही होतात आणि लोक शेकड्यांनी प्रकार गोळा करतात. मावशीला त्याचं फारसं कौतुक नाही. ती म्हणते, "रानांत जें मेळ्ळें तें बांदचें, मोजतात कितें?"

तिच्याकडून मी एक शिकले. सजावट ज्या महिन्यात करायची त्या महिन्यात आसपास काय उगवतं ते बघावं. श्रावणात तेरडा, भाद्रपदात गौरीसाठी रानफुलं, दसऱ्याला झेंडू आणि भाताच्या लोंब्या. लोंब्यांचं तोरण दारावर वर्षभर राहतं. चिमण्या ते टिपून खातात, तेवढा खर्च धरायचा.

कंदिलाचं थोडक्यात. कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ, एवढ्यात तो होतो. कामट्यांचा सांगाडा सरळ झाला पाहिजे, कारण कागद वाकडेपणा झाकत नाही. करंज्या आणि झिरमिळ्या मुलांना कापू द्याव्यात. आतला दिवा एलईडीचा असला म्हणजे तापत नाही आणि कागद जळायची भीती नाही. दिवाळीआधी माहीमच्या कंदील गल्लीत एक फेरी मारली तर सांगाड्यांचे प्रकार फुकटात शिकायला मिळतात.

९. चोरायचं तर बंधन चोरावं

मला सगळ्यात जास्त राग येतो तो वारलीच्या वापराचा. कपावर वारली, मोबाइलच्या कव्हरवर वारली, एका इमारतीत तर लिफ्टच्या दारावर वारली नाचताना पाहिले, तेही जांभळ्यावर पोपटी रंगात.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात कुडाची भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी चौक लिहायचा, त्यात पालघट देवी. रंग एकच, पांढरा. आकार तीनच: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो, आणि ते टोक जरा कललं की तो नाचायला लागतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि जगभरच्या दालनांत नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनीही ते बंधन सोडलं नाही. त्यांच्या चित्रात मासे पकडायच्या जाळ्याची शेकडो बारीक टिंबं आहेत आणि रंग तोच एक.

म्हणून मी वारलीतली माणसं काढत नाही. ती त्यांची आहेत. मी त्यातली अट घेतली: एका कामात एकच दोरा, एकच रंग, आणि आकार जास्तीत जास्त तीन. पांढऱ्या खादीवर फक्त गेरूच्या रंगाचा दोरा घेऊन केलेले अभ्रे माझ्याकडून सगळ्यात जास्त गेले आहेत. त्यांत वारलीचं काय आहे, हे कुणाला ओळखता येत नाही.

१०. हाताच्या कामाचा हिशेब आधी करावा

हा धडा घरसजावटीचा नाही म्हणाल, पण आहे. हस्तकला आवडते म्हणणारीच मंडळी दरावर सर्वांत जास्त घासाघीस करतात. एक बाई आल्या, बरोबर आईच्या साड्यांचं बोचकं. मी दर सांगितला. त्या म्हणाल्या, "अहो, पण साड्या तर माझ्याच आहेत ना?"

"साड्या तुमच्या, कंबर माझी," मी म्हटलं.

मग त्यांना खाली बसवलं आणि हातात सुई दिली. चार थरांतून धावदोरा ओढायला किती जोर लागतो, सुई बोटात कुठे रुतते, एक वीत शिवून व्हायला किती वेळ जातो, हे त्यांनी स्वतः पाहिलं. मी दोन दर ठेवले आहेत, मशीनचा आणि हाताचा, आणि दोन्हींतला फरक लपवत नाही. मशीनच्या गोधडीत टाका घट्ट बसतो, ती सपाट राहते, लवकर होते, स्वस्त पडते, धुवायलाही सोपी. रोज वापरायला ती वाईट नाही. हाताची लाट तिच्यात येत नाही, एवढंच.

बाईंनी दोन्ही नमुने पांघरून पाहिले, खूप विचार केला आणि मशीनची सांगून गेल्या. पुढच्या महिन्यात जावेला घेऊन आल्या. जावेला हाताची हवी होती, आणि घासाघीस करायला तिने त्यांनाच पुढे केलं होतं.